बोगद्याआधी खिडकी लावा

आमच्या घरात ठाणे स्टेशनला 'ठेसन' म्हणणारी शेवटची म्हणजे आजी. पहिली गाडी आली त्या दिवशी आमचे खापरपणजोबा, वय वर्षं ८, काकाच्या खांद्यावर बसून बघत होते, असं ती छातीठोकपणे सांगे. १६ एप्रिल १८५३, शनिवार. दुपारी साडेतीनला बोरीबंदरहून सुटलेली गाडी, १४ डबे, ४०० पाहुणे आणि ओढायला साहेब, सिंध, सुलतान ही ३ इंजिनं. एवढं पुस्तकातही आहे. इंजिनाला कुणी हळदकुंकू वाहिलं आणि बैल कुठे दडवलेत म्हणून एका म्हातारीने चाकांखाली वाकून पाहिलं, ही आजीची भर. तसं ठाण्यातल्या प्रत्येक जुन्या घरात त्या दिवशी हजर असलेला एक पणजोबा असतोच. सगळ्यांची बेरीज केली तर खाडी भरून निघेल.

शेवटचं स्टेशन असण्याचा ठाण्याचा मान जेमतेम वर्षभर टिकला. १ मे १८५४ला गाडी खाडी ओलांडून कल्याणला पोचली. आजीचं माहेर कल्याणचं. "गाडी आधी तुमच्याकडे आली खरी, पण पुण्याला जा नाहीतर नाशकाला, वाट आमच्याकडूनच फुटते," हे आजोबांना तिने किती वेळा ऐकवलं असेल! आजोबा पेपर वर धरत.

तिची स्वतःची गोष्ट मात्र बोगद्याची. आधी रूळ पारसिकच्या डोंगराला वळसा घालून खाडीकाठाने, मुंब्र्यावरून जात. १९१६ साली डोंगर पोखरून सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा झाला आणि फास्ट गाड्या सरळ जाऊ लागल्या. आजी १९२४ साली, बाराव्या वर्षी, लग्न होऊन त्यातून सासरी आली. वीज यायची होती, इंजिन कोळशाचं. वऱ्हाडातलं कुणीतरी ओरडलं, "खिडक्या लावा!" नवऱ्या मुलीला सांगायला कुणाला सुचलं नाही. ठाण्याला उतरली तेव्हा मुंडावळ्यांपासून शालूपर्यंत काजळी. सासूने ओवाळण्याआधी तोंड धुवायला लावलं. "बोगद्यात गेले माहेरची, निघाले तुमची," असं म्हणून ती हसायची. मला ते हसू कधीच पुरतं हसू वाटलं नाही.

तारखांच्या बाबतीत आजी बेभरवशाची. तिच्या हिशेबात बोगदा इंग्रजांनी तिच्या लग्नासाठीच खणला होता. पण विजेच्या गाड्या येऊन कैक वर्षं झाल्यावरही पारसिक जवळ आला की तिचा हात खिडकीकडे जाई, आणि तिच्यामुळे माझाही.

फेब्रुवारी २०२२मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली. तेव्हापासून फास्ट लोकलही मुंब्र्यावरून जाते. आजीचा बोगदा पाहायचा तर आता लांब पल्ल्याची गाडी पकडावी लागते.