वहीबाहेरची माणसं

बेघरांचा इतिहास विटा-सिमेंटचा नाही, वह्यांचा आहे. कोणाचं नाव कोणत्या वहीत चढलं आणि कोणाचं गाळलं, याचा. छप्पर मागून येतं, आधी वही येते. वही ज्याच्या हातात, दाराची किल्ली त्याच्या हातात.

बाबासाहेबांपासूनच बघा. १९१७ साली ते बडोदा संस्थानच्या नोकरीवर गेले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला माणूस, दरबारची नोकरी, आणि अख्ख्या शहरात पाठ टेकायला जागा नाही. पारशांच्या धर्मशाळेत खोली मिळाली, तीही वहीत पारशी नाव घालून. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात उभी. एक हिंदू स्नेही, एक ख्रिस्ती स्नेही, दोघांनीही घरात घेतलं नाही. मग बाग, आणि रात्रीची मुंबईची गाडी. पगार होता, पदवी होती. खरं नाव लिहून घेणारं दार नव्हतं. बेघर म्हणजे आळशी, बेवडा असं म्हणणाऱ्याला हे ऐकवा.

दुसरं दार गाडगेबाबांचं. ज्या पंढरपुरात विठोबाचं देऊळ आपल्याला बंद होतं, तिथं त्यांनी चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा उभी केली. १९४९ साली ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. झाडू मारणाऱ्या म्हाताऱ्याला जे कळलं ते सरकारला उशिरा कळलं : नुसतं छप्पर देऊन भागत नाही, छपराला पुढचा रस्ता जोडावा लागतो.

आता सरकारी वही. १९७६ च्या जानेवारीत मुंबईत झोपड्यांची मोजणी झाली. फोटोपास निघाले. ज्याच्याकडे पास तो माणूस, नाही त्याचं काय ते पोलीस बघतील. १९८१ च्या जुलैत, भर पावसात, मुख्यमंत्री अंतुल्यांच्या हुकमानं फुटपाथवरच्या संसारांवर घाव घातला. माणसं गाड्यांत कोंबून शहराबाहेर काढली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १० जुलै १९८५ ला ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल लागला. कोर्ट म्हणालं, जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो. वाचायला गोड. पण त्याच निकालात पावसाळ्यानंतर फुटपाथ मोकळे करायची मुभा महापालिकेला दिली, आणि पर्यायी जागा कोणाला? तर १९७६ च्या मोजणीचं कार्ड असेल त्याला. पुन्हा वहीच! पुढे १९९५ ची तारीख आली, मग २००० ची. तारखा सरकत गेल्या, पण झोपडीच्या पुराव्यावरच. ज्याच्याकडे चार बांबूही नाहीत, नुसती चादर आहे, तो कुठली तारीख दाखवणार?

त्याच १९८५ साली एक वेगळी वही निघाली. भायखळ्याकडच्या फुटपाथवरच्या बायका आणि स्पार्क ही संस्था यांनी फुटपाथवरची माणसं मोजली. सहा हजारांच्या आसपास कुटुंबं. पाडायला येणाऱ्यांनी केलेली मोजणी आणि राहणाऱ्यांनी स्वतः केलेली मोजणी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पुढच्या वर्षी त्याच बायकांची महिला मिलन उभी राहिली. वहीतून संघटना झाली, हे ध्यानात ठेवा.

२०१० साली सुप्रीम कोर्टानं बजावलं : शहरात लाखामागे एक निवारा, बाराही महिने, चोवीस तास. २०१३ च्या शहरी उपजीविका अभियानात आणखी पुढचं लिहिलं होतं. निवाऱ्यात नुसती सतरंजी नको, तिथूनच रेशन, दवाखाना, पोरांची शाळा, पेन्शन, ओळखपत्र सगळं जोडून द्यावं. म्हंजे गाडगेबाबांची अक्कल सरकारी कागदावर आली. पण खिडक्या एकमेकींशी बोलत नाहीत. एक खिडकी पत्ता मागते, दुसरी आधार मागते, तिसरी म्हणते उद्या या. रोजंदारीवाल्याचे तीन खाडे म्हणजे तीन दिवस चूल बंद. चौथ्या दिवशी तो जात नाही, आणि साहेब शेरा मारतो : लाभार्थी आला नाही.

आमच्या पूर्ण्यात तर गंमत और आहे. ठाण्याकडून भिवंडीला येणाऱ्या रस्त्यावर काल्हेर, कोपर, पूर्णा, राहनाळ, गोदामाला गोदाम लागलेलं. देशाचा माल इथं छपराखाली झोपतो. तो उतरवणारा हमाल गोदामाच्या ओट्यावर झोपतो. मी सायझिंगवर पाळी करतो, आमच्यातही एक उठला की त्याच गोधडीत दुसरा शिरतो. बिस्सीत जेवतो म्हणून उपाशी नाही, कोपऱ्यात पडतो म्हणून बेघर नाही, असा हिशेब. आणि निवारा मोजायचा शहराच्या लोकसंख्येवर! भिवंडी महापालिकेची हद्द संपते आणि ग्रामपंचायत सुरू होते. ओट्यावरचा माणूस कुस बदलतो तेवढ्यात त्याचा मालक खातंही बदलतं. पालिका म्हणणार हद्दीबाहेर, पंचायत म्हणणार ही योजना शहराची. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत बेघर मोजले, महाराष्ट्रात दोन लाखांच्या वर भरले. त्या रात्री अशा ओट्यांवर किती जणांपर्यंत कंदील पोचला असेल, तुम्हीच ठरवा.

म्हणून कार्यकर्त्यांनो, जयंतीच्या वर्गणीची पावतीपुस्तकं छापता तशी एक वही घाला. रात्री अकरानंतर ओट्यांवर, पुलाखाली, बस थांब्यावर जा. विचारून, राजीखुशीनं लिहा : खरं नाव, गाव, दुखणं काय, कागद कोणते, गरज काय. बाईमाणसासाठी बाई कार्यकर्ती पाठवा. प्रत एक आपल्याकडे, एक त्यांच्यातल्याच माणसाकडे. पोलिसाला किंवा ठेकेदाराला दाखवायची नाही. एका माणसामागे एक कार्यकर्ता, काम होईस्तोवर तोच. मग पालिका, पंचायत, तहसीलची रेशन शाखा आणि सरकारी दवाखाना यांना एका टेबलाशी बसवा. माणसानं चार खिडक्या हिंडायच्या नाहीत, चारही खिडक्यांनी त्याच्या नावापाशी यायचं.

मोर्चा त्यानंतर काढू. वही हातात असली की मोर्च्यात कोणासाठी ओरडतोय ते नावानिशी सांगता येतं.