जहाँगीरची आकाशातली सुरी : पात्याचे पोलाद ओळखायचे कसे?

१. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतील फ्रीर कलादालनात एक लहानशी सुरी जतन केलेली आहे. पात्यावर सोन्याने जडवलेली फार्सी अक्षरे आहेत. मालक मुघल बादशहा जहाँगीर, काळ इ. स. १६२१, आणि पात्याचे द्रव्य म्हणजे आकाशातून पडलेले लोखंड! यातील शेवटचा दावा मोठा आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या पात्याचे पोलाद नेमके कोणते, हे ठरवायचे तरी कशावरून? त्या शोधाची ही कथा.

२. प्रथम मालकाविषयी. जहाँगीर जितका षोकी, तितकाच चौकस होता. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीच्या उंबरठ्यापर्यंत आपल्या समक्ष २८,५३२ जनावरांची शिकार झाली आणि त्यांतील १७,१६७ आपण स्वतः मारली, असा हिशेब त्याने आत्मचरित्रात दिला आहे. सारस पक्ष्यांची जोडी अंडी कशी उबवते, हेही त्याने बारकाईने नोंदवले. मोजणे आणि लिहून ठेवणे हा त्याचा स्वभावच होता. ‘तुझुक-ए-जहाँगिरी’ हे त्याचे आत्मचरित्र म्हणूनच अभ्यासकांना मोलाचे वाटते.

३. याच ग्रंथात एप्रिल १६२१ मधील एक विलक्षण नोंद आहे. जालंधर परगण्यातील एका गावी पहाटेच्या सुमारास पूर्वेकडून भयंकर गडगडाट झाला. गावकऱ्यांचे प्राण कंठाशी आले. त्याच वेळी आकाशातून एक तेजोगोल जमिनीवर कोसळला. आकाशातून आगच बरसते आहे, असे लोकांना वाटले. भीती ओसरल्यावर त्यांनी परगण्याचा आमील मुहम्मद सईद याच्याकडे जासूद धाडला.

४. आमील स्वतः घोड्यावरून तेथे पोहोचला. दहा-बारा गज लांब-रुंद जमीन अशी करपली होती की गवताची काडीही उरली नव्हती. त्याने खणायला लावले. खोल जावे तसा दाह वाढत गेला आणि अखेर भट्टीतून नुकताच काढावा तसा तप्त लोखंडाचा गोळा हाती लागला. तो निवल्यावर खलित्यात घालून, मोहोरबंद करून दरबारी रवाना झाला. बादशहाने तो आपल्यासमोर तोलून घेतला. वजन भरले १६० तोळे, म्हणजे सुमारे १.९ किलो.

५. उस्ताद दाऊद या कारागिराला आज्ञा झाली : याची एक तलवार, एक खंजीर आणि एक सुरी घडव. दाऊदने प्रयत्न केला आणि परत येऊन अर्ज केला की हे लोखंड घणाखाली टिकत नाही, त्याचे तुकडे पडतात. त्यावर बादशहाने सांगितले की दुसरे लोखंड त्यात मिसळ. तीन भाग आकाशातले आणि एक भाग साधे, असे प्रमाण ठरले.

६. या मिश्रणातून दोन तलवारी, एक खंजीर आणि एक सुरी तयार झाली. येमेनच्या व दक्षिणेच्या उत्तम तलवारींप्रमाणे ही पाती वाकवली तरी पुन्हा सरळ होत. बादशहाने आपल्यासमोर त्यांची परीक्षा घेतली. काप उत्तम होता. एका तलवारीला ‘शमशीर-ए-काते’ आणि दुसरीला ‘बर्क-सिरिश्त’, म्हणजे विजेच्या स्वभावाची, अशी नावे मिळाली. बेबदल खान या दरबारी कवीने त्या प्रसंगावर रुबाईही रचली.

७. म्हणजे ही सुरी केवळ हत्यार नव्हे; ती एका घटनेची स्मरणवस्तू आहे. आणि स्मरणवस्तूंची एक अडचण असते. त्यांची किंमत त्यांच्या कथेत असते, म्हणून कथा सजवण्याचा मोहही तेवढाच प्रबळ असतो. अशा पात्याचे पोलाद ठरवताना अभ्यासकाला साक्षीदार तपासावे लागतात : पात्यावरील लेख, समकालीन ग्रंथ, पोलादाची नक्षी आणि धातूचे रसायन.

८. पहिला साक्षीदार लेख. तो सर्वांत सोयीचा आणि म्हणूनच सर्वांत कमी भरवशाचा. इस्फहानच्या असदुल्लाह या लोहाराचे नाव इतक्या पात्यांवर आणि इतक्या भिन्न काळांत आढळते, की ती सारी एका माणसाने घडवणे अशक्य आहे. जर्मनीतील पासाउचे धावत्या लांडग्याचे चिन्ह झोलिंगेनच्या कारागिरांनीही उचलले. मराठ्यांच्या फिरंगीची पाती युरोपातून येत, आणि तिथल्या नामांकित खुणांच्या नकलाही सर्वत्र होत. खूण एखाद्या पेठेचे नाव सांगते; पोलादाची खात्री देत नाही.

९. दुसरा साक्षीदार ग्रंथ. येथे एक भेद महत्त्वाचा आहे. जहाँगीरच्या नोंदीचे दोन भाग पडतात : त्याने ऐकलेले आणि त्याने पाहिलेले. गडगडाट, तेज, करपलेली जमीन, तप्त गोळा हे सारे जालंधरहून आलेल्या वृत्तान्तातले आहे. वजन, दाऊदची तक्रार, मिश्रणाचे प्रमाण आणि पात्यांची परीक्षा हे दरबारात घडलेले आहे. दोहोंना एकच वजन देता येत नाही.

१०. ऐकलेल्या भागात शंकेला जागा आहे. आकाशातून येऊन जमिनीवर पडणाऱ्या दगडाला वा लोखंडाला ‘अशनी’ म्हणतात. वातावरणात शिरताना त्याचा पृष्ठभाग वितळतो खरा, पण ते अवघे काही सेकंद चालते. दोन किलोंच्या गोळ्याचा वेग हवेच्या रोधाने लवकरच मंदावतो आणि पुढे तो साध्या दगडासारखा खाली येतो. असा गोळा जमीन करपवेल इतका तप्त राहणे साधारणतः अपेक्षित नाही. वृत्तान्त दरबारी पोहोचेपर्यंत त्यात आग मिसळली असावी.

११. पाहिलेला भाग मात्र हिशेबाला उतरतो. १६० तोळ्यांत एक-तृतीयांश साधे लोखंड मिसळले की सुमारे २१३ तोळे होतात, म्हणजे अडीच किलोंच्या आसपास. घडाईत थोडे लोखंड जळून जाते, हे धरूनही दोन तलवारींची पाती, एक खंजीर आणि एक सुरी एवढ्यात बसू शकते. दहा तलवारी झाल्याचे लिहिले असते, तर नोंद तेथेच कोसळली असती.

१२. पण या नोंदीतील सर्वांत बोलके वाक्य आहे दाऊदच्या अपयशाचे. लोह-अशनींत लोखंडासोबत गंधक आणि फॉस्फरस यांची संयुगे असतात. लोखंडाच्या सान्निध्यात ती सुमारे १००० अंश सेल्सिअसलाच वितळू लागतात. भट्टीतून काढलेला गोळा बाहेरून घट्ट दिसतो, परंतु आतल्या कणांच्या सीमा सैल झालेल्या असतात. घण पडताच तो विस्कटतो. दाऊदने नेमके हेच सांगितले होते.

१३. दरबारी लेखक आपल्या धन्याच्या वस्तूविषयी कथा रचताना ‘दैवी लोखंड घणाखाली फुटले आणि त्यात साधे लोखंड घालावे लागले’ असे सहसा लिहिणार नाही. त्यात गौरव नाही, उलट थोडा कमीपणाच आहे. शिवाय असे लोखंड का फुटते, हे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. ज्याचे कारण ठाऊक नाही, ते नेमके खोटे रचता येत नाही. या कथेचा सर्वांत विश्वासू साक्षीदार बादशहा नव्हे, लोहार आहे.

१४. काळाचे भानही ठेवावे. निकेल हे मूलद्रव्य स्वीडनच्या क्रोनस्टेटने १७५१ मध्ये ओळखले. असे दगड-लोखंड अवकाशातून येते, हा विचार जर्मन शास्त्रज्ञ क्लाडनी याने १७९४ मध्ये मांडला, तेव्हा अनेक विद्वानांनी त्याची थट्टा केली. लोह-अशनींत निकेल असते हे इंग्रज रसायनज्ञ एडवर्ड हॉवर्ड याने १८०२ मध्ये दाखवले. फ्रान्समधील लेग्ल येथे १८०३ मध्ये दगडांचा वर्षाव झाला आणि बियोने त्याचा अहवाल दिला, तेव्हा कुठे विरोध मावळला. जहाँगीरची नोंद त्याआधी पावणेदोनशेहून अधिक वर्षांची आहे.

१५. तिसरा साक्षीदार नक्षी. उत्तम पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी दिसणारी नक्षी म्हणजे जौहर. दक्षिण हिंदुस्थानात मुशीत ओतलेल्या पोलादाला ती नैसर्गिकपणे येई. आजच्या तेलंगणातील कोनासमुद्रम येथून असे पोलाद नेण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीही इराणी व्यापारी येत. पण लहरी तीन प्रकारे उमटू शकतात : मुशीच्या पोलादातील कार्बाइडच्या रांगांमुळे, दोन जातींच्या लोखंडाचे थर जोडल्यामुळे आणि निकेलयुक्त व निकेलरहित थर एकत्र घडवल्यामुळे. म्हणून नुसती नक्षी पाहून निकाल देता येत नाही.

१६. अशनीच्या लोखंडाची स्वतःचीही एक नक्षी असते. ते कापून, घासून आम्लाने धुतले की एकमेकांना छेदणाऱ्या पट्ट्यांची जाळी उमटते. व्हिएन्नाच्या विडमनश्टेटेन याच्या नावाने ती ओळखली जाते. लक्षावधी वर्षे अतिशय सावकाश थंड होत गेल्याने ती घडते. भट्टीत तिची नक्कल होत नाही. मात्र भट्टीची आच लागताच ती पुसली जाते. दाऊदने तापवून घडवलेल्या पात्यावर ती दिसली नाही, तरी दावा खोटा ठरत नाही. पुरावा नसणे आणि विरुद्ध पुरावा असणे यांत अंतर आहे.

१७. उरतो चौथा साक्षीदार, रसायन. बहुतेक लोह-अशनींत ५ ते १२ टक्के निकेल असते. जुन्या भट्ट्यांतील लोखंडात ते सहसा नाममात्र असते. मिश्रणामुळे प्रमाण उतरते, हे येथे विसरू नये. समजा मूळ गोळ्यात ८ टक्के निकेल होते. तीनास एक मिसळल्यावर पात्यात ते ६ टक्के उरेल. म्हणजे जहाँगीरने लिहून ठेवलेले प्रमाणच परीक्षकाला सांगते की किती शोधायचे. चारशे वर्षांपूर्वीची पाककृती आज प्रयोगशाळेत उपयोगी पडते ती अशी.

१८. निकेलही एकटे पुरेसे नाही. काही धातुपाषाणांत ते मुळातच असते, आणि एकोणिसाव्या शतकानंतर निकेलयुक्त पोलाद कारखान्यांतच बनू लागले. म्हणून कोबाल्टचे प्रमाणही पाहतात. अशनींत निकेल आणि कोबाल्ट यांचे परस्पर प्रमाण ठरावीक मर्यादेत असते. दोन्ही जुळले आणि वस्तूचा काळही जुना ठरला, तरच निष्कर्ष भक्कम होतो.

१९. याचे उत्तम उदाहरण इजिप्तचे. तुतनखामेनच्या ममीच्या वेष्टनात १९२५ मध्ये हॉवर्ड कार्टरला लोखंडी पात्याचा खंजीर सापडला. इ. स. पूर्व चौदाव्या शतकातले हे पाते जवळजवळ गंजलेले नव्हते. २०१६ मध्ये इटालियन व इजिप्शियन संशोधकांनी क्ष-किरणांच्या साह्याने, पात्याला ओरखडाही न काढता, त्याची परीक्षा प्रसिद्ध केली. निकेल १०.८ टक्के, कोबाल्ट ०.५८ टक्के. पाते अशनीच्या लोखंडाचे आहे, हे निश्चित झाले.

२०. पूर्वी ही किंमत मोठी होती. स्विस संग्राहक आंरी मोझर याच्या संग्रहातील काही मौल्यवान पाती झ्शोके या शास्त्रज्ञाला अभ्यासासाठी देण्यात आली. ती कापून केलेला अभ्यास १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. दमास्कस पोलादाविषयीचे बरेच ज्ञान त्यातून मिळाले, पण पाती गेली. आज क्ष-किरण वस्तूला धक्का लावत नाहीत. त्यांनाही मर्यादा आहे : हातात धरण्याजोग्या यंत्राला कर्ब नीट दिसत नाही, आणि पोलादाचा प्राण तर कर्बातच असतो.

२१. हीच पद्धत आजच्या स्मरणार्थ काढलेल्या शिकारी सुऱ्यांनाही लागू पडते. अमेरिकेतील ‘बक’ या प्रसिद्ध उत्पादकाने ४४०सी हे पोलाद १९८० च्या दशकात बदलले आणि १९९० च्या दशकात ४२०एचसी स्वीकारले. पात्यावर पोलादाचे नाव नसले, तरी १९८६ पासून मुठीलगतच्या वर्षचिन्हावरून काळ कळतो आणि काळावरून पोलादाचा अंदाज येतो. मग रसायन पडताळणी करते : ४४०सी मध्ये क्रोमियम १६ ते १८ टक्के, तर ४२०एचसी मध्ये साधारण १२ ते १४ टक्के. प्रथम कागद, मग खूण, शेवटी धातू. क्रम जुनाच आहे.

२२. फ्रीर कलादालनाच्या नोंदीत जहाँगीरच्या सुरीचे द्रव्य अशनीचे लोखंड असेच लिहिलेले आहे. त्यामागे केवळ सोन्याची अक्षरे नाहीत. तोलून घेतलेले १६० तोळे आहेत, तीनास एक हे प्रमाण आहे, आणि सर्वांत आधी एका कारागिराने जगातील सर्वांत बलाढ्य बादशहांपैकी एकासमोर उभे राहून दिलेली कबुली आहे की ‘हे लोखंड माझ्या घणाखाली टिकत नाही’. दाऊद तेव्हा खरे बोलला आणि जहाँगीरने ते खरे लिहून ठेवले, म्हणून आज ती सुरी वाचता येते.