शूल्य आणि सीख

सीख-कबाब हा मोगलांनी आणलेला पदार्थ होय, असे एक विद्वान गृहस्थ परवा आमच्याकडे जेवावयास आले असता म्हणाले. लागलीच दुसऱ्या स्नेह्यांनी, "छे! आपल्या पूर्वजांस तो हजारो वर्षांपूर्वी ठाऊक होता," असे उत्तर दिले. ताटातील कबाब निवून गेले तरी वाद मिटेना. आमच्या मते दोघांचेही म्हणणे थोडे थोडे खरे होते. परंतु दोघेही निरनिराळ्या पदार्थांविषयी बोलत होते, हे त्यांच्या ध्यानी आले नाही.

सळईवर भाजलेल्या मांसास संस्कृतात 'शूल्य' म्हणतात. हा शब्द कसा सिद्ध होतो हे पाणिनीने सांगितले आहे, आणि शूळावर शिजविण्याच्या क्रियेसाठी त्याने आणखी एक सूत्र खर्ची घातले आहे. अमरकोशात त्यास 'भटित्र' असा पर्याय आहे. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकातील विदूषकाची कुरकुर तर सर्वश्रुतच आहे: राजाच्या मृगयेपायी वेळी-अवेळी जेवावयाचे, आणि तेही बहुतेक शूल्य मांसच! मेजवानीतील पक्वान्न ते रानातील कंटाळवाणे अन्न कसे होते, हे कालिदासाने त्या एका तक्रारीत दाखविले आहे.

महाराष्ट्रीय वाचकास याहूनही जवळचा पुरावा 'मानसोल्लासा'त आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 1130 च्या सुमारास हा ग्रंथ रचिला. त्यातील काही पदांत मराठीचे जुने नमुने आढळतात म्हणून आपल्या भाषाभ्यासकांस तो प्रिय आहे. परंतु त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणाकडे त्यांचे लक्ष क्वचितच जाते. तेथे सोमेश्वराने मांसाचे तुकडे मसाला लावून, सळईत ओवून, निखाऱ्यावर भाजण्याचा विधी दिला आहे. त्या पदार्थाचे नाव 'भडित्रक'. अमराच्या 'भटित्रा'शी त्याचे नाते उघड आहे. कुटलेल्या मांसाचे पदार्थही राजेसाहेबांस वर्ज्य नव्हते.

येथवर आमच्या दुसऱ्या स्नेह्यांची सरशी होते. पण शूल्यात तुकडा ओवावयाचा असतो, आणि सीख-कबाबात खिमा थापावयाचा असतो. ओवणे कोणासही जमते. ग्रीसजवळील थीरा बेटावर, ज्वालामुखीने गाडलेल्या नगरात, सळया ठेवण्याच्या खाचा असलेल्या मातीच्या बैठकी सापडल्या आहेत. त्या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. तुर्की शिपायांनी तलवारीवर मांस भाजले व त्यातून कबाब जन्मला, ही लोकप्रिय कथा आम्हांस म्हणूनच पटत नाही. अग्नी आणि काठी ज्यास मिळाली त्यास तलवारीची वाट कशास पाहावी लागेल?

थापण्याची विद्या मात्र निराळी, आणि तिचे शब्द बाहेरून आले आहेत. 'सीख' फारसी, 'कबाब' आपल्याकडे फारसीतूनच आला, 'खिमा' मुळात तुर्की, 'कोफ्ता' कुटणे या अर्थाच्या फारसी धातूपासून. शब्द आला म्हणजे वस्तूही आलीच, असा नियम नाही. तथापि चारही शब्द एकाच दिशेने यावेत यास काही अर्थ असला पाहिजे. मात्र ते सारे मोगलांच्या पदरी बांधणेही चूक. मांडूच्या घियासुद्दीन खिलजीचा (1469–1500) 'निअमतनामा' हा सचित्र पाकग्रंथ बाबराच्या स्वारीपूर्वीचा आहे, आणि त्यात मांसाच्या नाना कृती आहेत. अबुल फजलच्या 'ऐन-इ-अकबरी'त दहा शेर मांसास अर्धा शेर तूप असे कबाबाचे प्रमाण दिले आहे. मसाल्यात मिरी, लवंग, वेलदोडे, जिरे, धने आहेत. मिरचीचे नाव नाही. ती अमेरिकेतून पोर्तुगीजांनी आणली, व मांस मऊ करण्यास आज आपण घालतो ती कच्ची पपईही मूळची अमेरिकेचीच. आमच्या दोन्ही स्नेह्यांनी ज्या तिखट पदार्थाबद्दल भांडण मांडले, तो त्या रूपात अकबरासही ठाऊक नसावा.

आता हे सारे केवळ पोथीतून सांगणे आम्हांस प्रशस्त वाटेना. म्हणून मागील अंगणात शेगडी पेटवून आम्ही स्वतः प्रयोग केला. घरातील मंडळींनी दुरून पाहिले. पहिल्या खेपेस सर्व खिमा सळईवरून सुटून निखाऱ्यांत पडला, आणि धुरापलीकडे हास्य ऐकू आले. आमची चूक अशी की, कांदा वाटून त्याच्या पाण्यासकट मिसळला होता, आणि सळई गोल होती. गोल सळई फिरविली की ती आतल्या आत फिरते, खिमा जागीच राहतो. दुसऱ्या खेपेस चौकोनी सळया आणविल्या. कांद्याचे पाणी पिळून काढले. मांसात पाचव्या हिश्शाइतकी चरबी ठेविली. आणि मीठ घालून कणकेसारखे चांगले मळले. मिठाने व मळण्याने मांसातील चिकट द्रव्य सुटते व तेच त्यास बांधून धरते. भाजक्या डाळीचे पीठ मूठभर घातले, ते केवळ धीर यावा म्हणून. मग खिमा थंड करून, ओल्या हाताने सळईवर पातळ थापला.

नऊ सळयांपैकी सातांवर तो टिकला. उरलेल्या दोन सळयांचा खिमा सुटला तो शेजारच्या मांजराने नेला. सायंकाळी त्याच दोघा स्नेह्यांस पुन्हा बोलाविले होते. या वेळी ते कबाब निवण्यापूर्वीच जेवले.