रांगेतली ओळख

बी.ए. होताच मी जिल्ह्याच्या सेवायोजन कार्यालयाच्या रांगेत उभा राहिलो. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून मोकळ्या झालेल्यांना काम मिळावं, म्हणून १९४५ मध्ये ही यंत्रणा उभी राहिली. १९५९ च्या कायद्याने २५ वा अधिक कामगारांच्या खासगी आस्थापनांनाही रिक्त जागा कळवणं बंधनकारक झालं. २०१५ मध्ये राष्ट्रीय करिअर सेवा पोर्टल आलं. नोंदणी घरबसल्या होऊ लागली. एसटीचं भाडं वाचलं, हे थोडं नाही.

मला कार्डावर कधीच कॉल आला नाही. छापखान्यात मुद्रितशोधक हवा असल्याचं रांगेतल्याच एका अनोळखी माणसाने सांगितलं. ते माझं पहिलं काम. मुलगा आज मोबाइलवरून एका रात्रीत वीस अर्ज करतो. नकार मात्र एकटाच वाचतो. आम्ही निदान चहा तरी वाटून घ्यायचो.