सह्याद्रीतील संकटग्रस्त सस्तन प्राणी

उत्तर सह्याद्रीत, म्हणजे महाराष्ट्र, गोवा व लगतच्या बेळगाव जिल्ह्याच्या घाटमाथ्यावर आणि कोकण उतारावर, अस्तित्व धोक्यात आलेले सस्तन प्राणी. सिंहपुच्छ वानर व नीलगिरी ताहर यांचा मुलूख याच्या दक्षिणेला असल्याने ते येथे घेतलेले नाहीत. वाघासाठी कोयना व चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. खवले मांजराच्या वाट्याला असे काही आलेले नाही.

भारतीय खवले मांजर जागतिक लाल यादीत ‘संकटग्रस्त’ आहे. त्याला दात नसतात. लांब नख्यांनी वारूळ फोडून चिकट जिभेने वाळवी-मुंग्या टिपणे हा त्याचा रात्रीचा उद्योग. दिवस बिळात जातो. मादीला बहुधा एका वेळी एकच पिल्लू होते व ते आईच्या शेपटीवर बसून फिरते. धोका जाणवताच हा प्राणी अंगाचे वेटोळे करून पडून राहतो. बिबट्यापुढे ही युक्ती चालते. माणसाचे मात्र तिने काम सोपे होते: पाठलाग नाही, उचलून पोत्यात टाकले की झाले. खवले म्हणजे आपल्या नखांतलेच केराटिन, तरी औषधी समजुतीपायी त्यांची चीन व व्हिएतनामकडे तस्करी होते. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचे नाव असून शिकारीला किमान ३ वर्षे कैद आहे. पण अभयारण्ये मुख्यतः घाटमाथ्याला धरून, आणि हा प्राणी खालच्या रानांतही राहणारा. रत्नागिरी जिल्ह्यात जंगल बहुतांशी खाजगी मालकीचे. तिथे दर काही वर्षांनी तोड ठरलेली आणि उन्हाळ्यात वणवेही लागतात. चिपळूणची ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ही संस्था गावकऱ्यांना बरोबर घेऊन या प्राण्याच्या संवर्धनाचे काम करते.

रानकुत्रा (कोळसून) हाही ‘संकटग्रस्त’. सांबर-भेकर घटले की कळपाचे भागत नाही. शिवाय गावकुत्र्यांचे रोग त्याला लागतात. गवा ‘असुरक्षित’ गटात मोडतो. करवीर (कोल्हापूर) संस्थानच्या शिकारीच्या रानात १९५८ मध्ये दाजीपूर अभयारण्य झाले ते गव्यांसाठीच. पण गवा दुर्मिळ होतो आहे, हे त्याच भागातील राधानगरीच्या, उसात गवे शिरणाऱ्या शेतकऱ्याला सांगून पटायचे नाही.

रॉटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ १९१३ मध्ये विज्ञानाला ज्ञात झाले. मोठे, कपाळावर जुळलेले कान ही त्याची खूण. कित्येक दशके ते जगात फक्त खानापूर तालुक्यातील बारापेडे गुहेतच माहीत होते. पुढे मेघालय व कंबोडियातही आढळले. लाल यादीत ते ‘अपुरी माहिती’ या गटात आहे. २०११ च्या भीमगड अभयारण्यामुळे गुहेभोवतीच्या जंगलाला संरक्षण मिळाले, मात्र गुहेत माणसांची वर्दळ वाढली तर वटवाघळे ती सोडू शकतात.