आकारणीचा कागद आणि दाद मागण्याचा वारसा

दर जानेवारीत बर्नाबीतल्या आपल्या घरी एक सरकारी पत्र येते. मागच्या वर्षीच्या 1 जुलैला आपले घर बाजारात किती किमतीला गेले असते, हा बी.सी. असेसमेंट या संस्थेने ठरवलेला आकडा त्यात असतो. आकडा पाहून वडीलधारे कपाळाला हात लावतात आणि पत्र कपाटात ठेवतात. "सरकारी कागदाशी कोण भांडणार?" हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकले आहे. ते उगीच आलेले नाही.

आपले पूर्वज मुंबई बंदरातून मॉरिशसला निघाले, तो काळ मुलखात शेतसारा नव्याने ठरण्याचा होता. पुणे भागात प्रिंगलसाहेबाने केलेली आकारणी इतकी जड झाली की कुणबी जमिनी टाकून निघून गेले. शेवटी 1836 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी पाहणी सुरू केली. पुढे 1876 च्या कायद्याने साऱ्याच्या रकमेविरुद्ध दिवाणी न्यायालयात जाण्याची वाटच बंद झाली. ज्या खात्याने सारा बसवला, त्याच खात्यापुढे गाऱ्हाणे मांडायचे, अशी मागे राहिलेल्या भाऊबंदांची गत होती.

समुद्रापलीकडे तर जमीनच मळेवाल्याची. 1867 च्या मॉरिशसच्या कायद्याने करार संपलेल्या मजुरालाही फोटो लावलेला पास जवळ बाळगावा लागे. तरीही आपली माणसे गप्प बसली नाहीत. 1871 मध्ये आदोल्फ द प्लेवित्झ यांच्या मदतीने 9,401 जुन्या मजुरांनी गव्हर्नरकडे अर्ज केला. मळेवाले खवळले, पण 1872 मध्ये चौकशी आयोग आला आणि 1878 मध्ये मजूर कायदा बदलला. 1907 मध्ये बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर मॉरिशसला आले आणि मजुरांची बाजू न्यायालयात मांडू लागले. 1912 मध्ये ते फिजीला गेले. तक्रार आपली होती, ती कायद्याच्या भाषेत मांडणारा माणूस मिळाला, तेव्हा ती ऐकली गेली.

बर्नाबीलाही कराचा इतिहास आहे. मंदीत लोकांना कर भरता येईना, नगरपालिका कर्जात बुडाली. 1932 च्या अखेरीपासून 1942 पर्यंत निवडलेल्या मंडळाऐवजी प्रांताने नेमलेला आयुक्त कारभार पाहत होता. घरपट्टीचा प्रश्न घराइतकाच गावाचाही असतो.

आज इथे दाद मागण्याची वाट उघडी आहे, पण मुदत कडक आहे. तक्रार 31 जानेवारीपर्यंत गेली पाहिजे. पहिली सुनावणी स्वतंत्र पुनर्विलोकन मंडळापुढे होते आणि तिला शुल्क नाही. तो निकाल पटला नाही, तर 30 एप्रिलपर्यंत अपील मंडळाकडे जाता येते आणि कायद्याचा मुद्दा असेल तर पुढे सुप्रीम कोर्टापर्यंतही. "कर फार आहे" हे तिथे चालत नाही. किंमत चुकली आहे, हे दाखवावे लागते. त्यासाठी 1 जुलैच्या आसपास विकल्या गेलेल्या सारख्या घरांच्या किमती, छताची किंवा पायाची मोडतोड, चुकीचे नोंदलेले क्षेत्रफळ हे पुरावे लागतात. शेजारच्या सारख्या घरांपेक्षा आपल्यावर जास्त आकारणी होऊ नये, हे तत्त्व 1990 मध्ये ब्रामेली खटल्यात प्रांताच्या अपील न्यायालयाने मान्य केले.

साध्या घरासाठी पहिली पायरी आपण स्वतःच चढू शकतो. दुकान, भाड्याची इमारत किंवा भावंडांच्या सामाईक नावावरची मालमत्ता असेल, तर या कामातल्या वकिलाला विचारणे शहाणपणाचे. फी किती आणि वाचणारा कर किती, याचा हिशोब आधी करावा. सुनावणीत आकडा वाढूही शकतो, हेही लक्षात ठेवावे. अपील चालू असले तरी कर मुदतीत भरावाच लागतो. जिंकलो तर जास्तीचा भरणा परत मिळतो.

करारावर अंगठा उठवताना आपल्या आजा-पणजांना त्यातला मजकूर वाचता येत नव्हता. आपल्याला येतो. यंदाचे पत्र कपाटात ठेवण्याआधी मुलानातवंडांना जवळ बसवून एकदा नीट वाचू या.