मानेतील पाण्याची गाठ आणि थायरॉईडचा कर्करोग

मानेच्या बाजूला आलेली मऊ, न दुखणारी, द्रवाने भरलेली गाठ हे थायरॉईडच्या पॅपिलरी कर्करोगाचे कधीकधी पहिले आणि एकमेव लक्षण असते. ग्रंथीतला मूळ कर्करोग काही मिलिमीटरचाच, हाताला न लागणारा. त्यातून लसीका ग्रंथीत पोचलेल्या पेशी मात्र तिथे द्रव साठवत राहतात. आवाज बसत नाही, घास अडकत नाही आणि रक्तातील टीएसएच ही थायरॉईडची चाचणीही बहुधा नॉर्मल येते.

तरुणांत अशी गाठ जन्मजात ब्रँकियल सिस्ट समजली जाते. मानेच्या मध्यावरची, जीभ बाहेर काढताच वर सरकणारी गाठ सहसा थायरोग्लोसल सिस्टची. तिच्यातही सुमारे १ टक्का रुग्णांत कर्करोग निघतो. आपल्याकडे गंडमाळेचाही, म्हणजे मानेतील क्षयाचा, संशय येतो, म्हणून सुईने काढलेला नमुना क्षयाच्या सीबीनॅट चाचणीलाही पाठवतात. चाळिशीनंतर बाजूला नव्याने आलेली पाण्याची गाठ कर्करोगाची नाही हे तपासून ठरवावे लागते.

चकवा बसतो तो सुईच्या तपासणीत. सिरिंजमध्ये पुष्कळदा तपकिरी पाणी येते, काचपट्टीवर कर्कपेशी दिसतच नाहीत आणि ‘कर्करोग आढळला नाही’ असा रिपोर्ट हाती पडतो. म्हणून सोनोग्राफीत पाहत सुई गाठीच्या भिंतीतल्या घट्ट भागात नेतात. तिथल्या पेशींच्या केंद्रकांवर खाचा दिसल्या तर पॅपिलरी कर्करोगाचा संशय बळावतो. वापरलेली सुई थोड्या सलाईनने धुऊन त्यात थायरोग्लोब्युलिन मोजतात. हे प्रथिन थायरॉईडच्या पेशीच तयार करतात. ते बाजूच्या गाठीत भरपूर सापडले, तर गाठीचे मूळ थायरॉईडमध्ये शोधावे लागते.

मावळातल्या रुग्णांसाठी जवळच तळेगाव दाभाडे येथे १९९५ पासून मायमर वैद्यकीय महाविद्यालय आहे. लोणावळा, कामशेत, वडगावहून तिथे लोकलने जाता येते. पुढच्या उपचारांसाठी पुणे किंवा मुंबई गाठता येते. मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय (१९४१) आणि भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर (१९६३) आहे.

निदान आधी झाले, तर थायरॉईड आणि मानेतील बाधित ग्रंथी एकाच शस्त्रक्रियेत काढता येतात. साधी सिस्ट समजून नुसती गाठ काढली, तर बहुधा पुन्हा टेबलावर जावे लागते. गरजेनुसार किरणोत्सारी आयोडीन देतात. वय ५५ च्या आत असेल, तर मानेतील ग्रंथींपर्यंत पसरलेला पॅपिलरी कर्करोगही पहिल्याच टप्प्यात मोजला जातो. पुढे रक्तातील थायरोग्लोब्युलिन ठरावीक काळाने तपासतात. ते वाढू लागले, तर मानेची सोनोग्राफी पुन्हा होते.